सम्राट हँग झाले

दर रविवारी रात्री साडेनऊ ते साधारण अकरा या वेळात माझ्याकडे ब्रिटनांचं राज्य असतं. एरवी या घरात माझ्या मालकीचं एक कपाट आहे, आणि त्याच्याही खालच्या कप्प्यात आईचे स्वेटर आहेत. त्यामुळे हा दीड तास मी फार गांभीर्याने घेतो. नऊला जेवण उरकतो, पाण्याची बाटली भरून घेतो, बेडरूमचं दार लोटतो, पलंगावर मांडी घालतो, समोर गोधडीची चौपदरी घडी, तिच्यावर लॅपटॉप. हॉलमध्ये टीव्हीवर आईची मालिका चालू असते आणि डायनिंग टेबलवर मुलीचे प्रोजेक्ट पसरलेले असतात, म्हणून राजधानी पलंगावर हलवावी लागली.

‘एज ऑफ एम्पायर्स’चा दुसरा भाग १९९९ साली आला. ज्यांच्या तरुणपणात तो आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सुरुवातीला तुम्हाला गावातली एक मोठी इमारत, तीन गावकरी आणि एक घोडेस्वार मिळतो. गावकऱ्यांनी मेंढ्या मारायच्या, झाडं तोडायची, शेतं करायची, सोनं खणायचं. त्यातून सैन्य उभं करायचं आणि शेजाऱ्याचा किल्ला पाडायचा. अंधारयुगापासून साम्राज्ययुगापर्यंतचा प्रवास पाऊण तासात होतो. आमच्या सोसायटीत नवीन लिफ्टचा ठराव मंजूर व्हायला चार वर्षं लागली.

आम्ही चौघं हा खेळ २००२ पासून खेळतोय. सांगली जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या हॉस्टेलवर चौघांत मिळून दोन असेंबल केलेले कॉम्प्युटर होते. बाकीचे दोन शेजारच्या खोलीतल्या मुलांकडून सबमिशनच्या फायली लिहून देण्याच्या बोलीवर मिळायचे. निळी लॅनची केबल एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत जायची आणि तिच्यावर कोणाचा तरी टॉवेल वाळत असायचा. भारनियमनाचे दिवस. संध्याकाळी ठरल्या वेळी वीज जायची आणि चार साम्राज्यं एका क्षणात लयाला जायची. इतिहासकाराला कारणमीमांसा करायची गरजच नव्हती.

मामा, पैलवान, सायलेंट आणि मी. मामाला मामा म्हणतात, कारण त्याचा सख्खा भाचा आमच्याच वर्गात होता. पैलवानाचं वजन तेव्हा सत्तेचाळीस किलो होतं. सायलेंट मात्र नावाप्रमाणेच होता. सेमिस्टरमध्ये तो एकदा बोलायचा, तेही मेसचं बिल चुकलं असेल तर. पुढे चौघं चार दिशांना गेलो, आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये, घराघरात डालगोना कॉफी घोटली जात असताना, मामाने ग्रुपवर खेळाच्या नव्या आवृत्तीची लिंक टाकली. ही आवृत्ती २०१९ च्या नोव्हेंबरात आली होती. या वेळी आम्ही चौघांनी पैसे देऊन खेळ घेतला. हॉस्टेलवरची सीडी कुठून आली होती हे त्या काळी कोणी विचारत नसे, त्यामुळे वीस वर्षांचं एक पाप फिटलं असं मामाला वाटलं.

माझ्याकडे रात्रीचे साडेनऊ, तेव्हा पैलवानाकडे दुबईत आठ, आणि मामाकडे न्यू जर्सीत उन्हाळ्यात दुपारचे बारा, हिवाळ्यात अकरा. सायलेंट तासगावला असतो. मी आणि सायलेंट एका बाजूला, ते दोघं दुसऱ्या बाजूला. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप कॉल लावायचा आणि एकमेकांच्या मुलाबाळांची चौकशी न करता थेट मेंढ्या शोधायला लागायचं.

तीन वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग माझा लॅपटॉप हँग व्हायला लागला.

पहिला प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे. पस्तिसावं मिनिट. माझे साठ तिरंदाज टेकडीच्या आडोशाला उभे होते, खालून पैलवानाचे घोडेस्वार बेसावध येत होते. अशी संधी आयुष्यात दोनदा येत नाही, आणि पैलवान समोर असेल तर एकदाही येत नाही. मी हल्ल्याचा आदेश दिला. साठ धनुष्यं ताणली गेली आणि तशीच राहिली. घोडे एक पाय वर करून उभे. झाडाच्या बुंध्यावर कुऱ्हाड टेकवलेला गावकरी, बाजूला चरता चरता दगड झालेली मेंढी. स्पीकरमधून एकाच आवाजाचा तुकडा, अडकलेल्या कॅसेटसारखा, ठक् ठक् ठक् ठक्. माउस हलेना. चाळीस सेकंदांनी जग पुन्हा सुरू झालं, चार पावलं चाललं आणि परत थांबलं. तोवर पैलवानाने सावकाश विचार करून घोडे मागे वळवायचं ठरवलं होतं.

एखाद्याचा लॅपटॉप अडकला तर त्याचं एकट्याचं नुकसान व्हावं, बाकीच्यांनी त्याचं गाव लुटून पुढे जावं, अशी आपली साधी अपेक्षा. या खेळात तसं होत नाही. ज्यांनी तो बनवला त्यांच्यापैकी दोन प्रोग्रामरांनी २००१ साली यावर एक लेख लिहिला होता. लेखाच्या नावातच पंधराशे तिरंदाज आणि २८.८ चा मोडेम आहेत. म्हणजे दर सेकंदाला जेमतेम अट्ठावीस हजार बिट जातील एवढी नळी. त्या नळीतून प्रत्येक तिरंदाज कुठे उभा आहे, कोणावर नेम धरतोय, किती जखमी आहे, हे क्षणाक्षणाला पाठवणं अशक्य होतं. म्हणून त्यांनी पाठवायचंच नाही असं ठरवलं. प्रत्येक खेळाडूच्या मशीनवर अख्खं युद्ध स्वतंत्रपणे चालतं आणि तारेवरून जातात फक्त हुकूम. ‘अमक्या साठ जणांनी तमक्या टेकडीवर जावं’, बस्स.

चार गावांत चार भजनी मंडळं बसलेली आहेत, चौघांनाही अभंग तोंडपाठ आहे आणि फोनवरून फक्त ‘आता दुसरं कडवं’ एवढाच निरोप जातोय, असं समजा. चारही ठिकाणी तेच भजन, त्याच क्षणी, त्याच मात्रेवर चाललं पाहिजे. मग एका गावचा पखवाजवाला दमला तर काय करायचं? बाकीच्या तिघांनी थांबायचं. खेळातही तसंच ठरलं आहे. सगळ्यांचा वेग सगळ्यांत हळू मशीनच्या वेगाला बांधलेला. नव्या आवृत्तीतही मूळ तत्त्व तेच आहे.

त्याच लेखात एक हरणाची गोष्ट आहे, ती मला फार आवडते. सुरुवातीला नकाशा तयार होताना एका मशीनवर एखादं हरीण किंचित सरकलेलं राहिलं तर ते चरताना थोडं वेगळीकडे जातं. काही मिनिटांनी एका गावकऱ्याची वाट त्यामुळे जराशी बदलते, त्याचा भाला चुकतो, आणि तो मांस न घेता घरी जातो. मग एका मशीनवरचा इतिहास दुसऱ्या मशीनवरच्या इतिहासाशी जुळत नाही आणि खेळ मोडतो. आमच्याकडे भाऊबंदकीचे दावे पाहिले तर साधारण असंच एखादं हरीण पणजोबांच्या काळात सरकलेलं आढळतं.

तर सांगायचं म्हणजे, पुण्यात माझा लॅपटॉप अडकला की तासगाव, दुबई आणि न्यू जर्सीतली साम्राज्यं जागच्या जागी गोठायची. एका माणसाच्या हातात इतकी सत्ता खऱ्या ब्रिटनांकडेही नव्हती. मामाने ग्रुपचा फोटो बदलून गोगलगायीचा लावला. शिवाय या खेळात चॅटमध्ये आकडा टाकला की ठरलेला टोमणा ऐकू येतो. तेरा हा आकडा टाकला की एक माणूस खवचट आवाजात म्हणतो, हो हो, ढकल सगळं तुझ्या इंटरनेटवाल्यावर! हा टोमणा त्यांनी १९९९ सालीच भरून ठेवला आहे. बनवणाऱ्यांना आपलं गिऱ्हाईक ठाऊक होतं. प्रत्येक वेळी पडदा हलायला लागला की तिकडून आधी तेरा यायचा आणि मग घोडे.

मी खरोखरच इंटरनेटवाल्यावर ढकलत होतो. शत्रू घराबाहेरचा निघाला की बरं पडतं.

राउटर हॉलमध्ये टीव्हीमागे होता. त्याच्यावर आईने गणपतीची छोटी मूर्ती ठेवली होती, कारण ती जागा उबदार आहे. मूर्ती हलवायला परवानगी मिळाली नाही, राउटरच तिच्याखालून काढून घ्यावा लागला. मग लक्षात आलं की साडेनऊच्या सुमारास बायको मुलीसाठी दूध मायक्रोवेव्हमध्ये गरम करते. मायक्रोवेव्ह आणि साधं वायफाय हे दोघंही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास असतात, एक बोलायला लागला की दुसऱ्याला ऐकू येत नाही. मी तिला दूध गॅसवर तापवायला सुचवलं.

“म्हणजे तुझे घोडे पळावेत म्हणून मी पातेलं घासायचं?” ती म्हणाली.

दूध मी तापवायला लागलो. पातेलंही मी घासायला लागलो. हँग व्हायचं थांबलं नाही. पुढची पायरी म्हणून पंधरा मीटरची केबल आणून हॉलमधून बेडरूमपर्यंत ओढली. पहिल्याच रात्री आई तिला अडखळली. पडली नाही, पण “तुझ्या लढाईत मला मारू नकोस,” असं म्हणून गेली. कंपनीचा माणूस येऊन गेला. त्याने मोबाइलवर आकडा दाखवला, “सर, स्पीड तर फुल येतोय,” आणि पाणी पिऊन गेला. शेवटी नववीतली मुलगी बाहेर आली. तिने खेळ चालू असताना बाजूला एक काळी खिडकी उघडून दिली आणि सांगितलं, “बाबा, हे पिंगचे आकडे बघत बस. तू हँग झालास आणि हे वाढले तर इंटरनेट. हे तसेच राहिले तर तू.”

आकडे तसेच राहिले.

इंटरनेट निर्दोष सुटलं तेव्हा मित्रांना फारच आनंद झाला, कारण आता प्रत्येकाला स्वतःचं औषध सुचवता येणार होतं. लॅपटॉप हँग होतो असं आपल्याकडे कोणाला सांगून बघा. गुडघा दुखतो म्हटल्यावर जेवढे वैद्य निघतात तेवढेच निघतात. फरक इतकाच, की गुडघ्यावर कोणी ‘विंडोज परत टाक’ म्हणत नाही. मामाचं औषध एकच, बंद करून चालू कर. हा माणूस तिकडे एका बँकेची सर्व्हर यंत्रणा सांभाळतो आणि मला खात्री आहे की तिथेही तो हेच करतो. पैलवान म्हणाला, ग्राफिक्सचा ड्रायव्हर जुना असेल. ड्रायव्हर नवा केला. त्या रात्री पडद्यावरची अक्षरं एवढी मोठी झाली की आईने दारातूनच वाचून दाखवली.

पण ड्रायव्हर शोधताना एक खरी गोष्ट सापडली. माझ्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सच्या दोन चिपा आहेत. एक प्रोसेसरच्या पोटातलीच, साधी, पोळी-भाजीपुरती. दुसरी वेगळी, दणकट, जिच्यासाठी मी २०१९ च्या दिवाळीत जास्तीचे पैसे मोजले होते. खेळ पहिल्या दिवसापासून साध्या चिपेवर चालला होता. घरात विशीतला नातू पाय ताणून झोपलाय आणि पाण्याच्या कळशा आजी भरतेय, असा प्रकार. विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन नातवाला उठवलं. पुढचा रविवार छान गेला. त्याच्या पुढच्या रविवारी बत्तिसाव्या मिनिटाला नातूही बसला.

मग अँटिव्हायरस. त्याने पूर्ण तपासणीसाठी आठवड्यातली नेमकी कोणती वेळ निवडली असावी? रविवार, रात्री दहा. ती बुधवारी पहाटेवर ढकलली. एक रविवार बरा गेला. चार्जर लावलेला असतानाही बॅटरी वाचवायचा मोड चालू होता, तो बंद केला. एक रविवार बरा. डोंगर-पाण्याची चकचकीत चित्रं देणारं जादा पॅकेज मी सुरुवातीला हौसेने उतरवून घेतलं होतं, ते काढून टाकलं. तिरंदाजांचे चेहरे पुसट झाले, तसंही मी त्यांना चेहऱ्याने ओळखत नव्हतो. आणखी एक रविवार.

मध्येच मला परीक्षेची आठवण झाली. अनोळखी लोकांशी मानांकनाचे सामने खेळायचे असतील तर हा खेळ आधी तुमच्या मशीनची चाचणी घेतो. १००० गुण मिळाले तर तुम्ही लायक. मी चाचणी दिली, अकराशेच्या वर गुण पडले. निकालाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. मामाने उत्तर दिलं, की कॉपी केली असशील. खरं तर ती चाचणी काही मिनिटांची असते. काही मिनिटं तर मीसुद्धा अजून बॅडमिंटन खेळू शकतो.

डिसेंबरमध्ये मी रॅम वाढवली, आठची सोळा केली. आणि चमत्कार झाला. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारीचे पहिले दोन आठवडे, एकदाही हँग नाही. मी सगळ्यांना रॅमचं महत्त्व समजावून सांगत सुटलो. ऑफिसात दोघांना घ्यायला लावली. मेहुण्याच्या लॅपटॉपची तक्रार वेगळीच होती, त्याची बटणंच दाबली जात नव्हती, तरी त्यालाही रॅम सुचवली. मार्च उजाडला तसा लॅपटॉप पुन्हा तोतरा बोलायला लागला. एप्रिलमध्ये तर विसाव्या मिनिटालाच.

या गोठलेल्या मिनिटांत कॉल मात्र चालू असायचा. घोडे हवेत पाय धरून उभे आणि चार मध्यमवयीन माणसं करायला काही नाही म्हणून बोलत बसलेली. मामाच्या वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्याचं आम्हाला असंच कळलं. पैलवानाचं वजन ब्याण्णव झाल्याचं कळलं. एकदा तर दोन मिनिटं पडदा हलेना आणि सायलेंट आपणहून बोलला. यंदा द्राक्षं विकायची नाहीत, सगळा बेदाणाच करायचा ठरवलाय, शेड टाकलीय, आणि कर्ज बरंच झालंय, असं चार वाक्यांत सांगून थांबला. वीस वर्षांत त्याने सलग चार वाक्यं बोललेली आमच्यापैकी कोणाला आठवत नव्हती. आम्ही काही म्हणणार तोच घोडे हलले.

एप्रिलमधल्या त्या रविवारी मी वैतागून लॅपटॉप तसाच सोडला आणि पाणी प्यायला उठलो. आई इस्त्रीचे कपडे ठेवायला खोलीत आली होती. परत येऊन पाहतो तर ती लॅपटॉपवर तळहात ठेवून उभी, माझ्या लहानपणी कपाळावर ठेवायची तशी.

“अरे, हा फणफणलाय,” ती म्हणाली. “आणि याला गोधडीत का गुंडाळलंय?”

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी, जी मी आतापर्यंत टाळत आलो. मी गेली अठरा वर्षं चाकणच्या एका कारखान्यात रेडिएटरची डिझाइनं करतो. इंजिनाची उष्णता बाहेर कशी काढायची, याचा मला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो. हवेचा मार्ग अडला तर काय होतं, उन्हाळ्यात बाहेरची हवा दहा-बारा अंशांनी तापली की कूलरची ताकद किती घटते, फिन्समध्ये धूळ बसली की काय अनर्थ होतो, यावर मी नव्या मुलांना दर वर्षी दोन तासांचं लेक्चर देतो. त्यात एक स्लाइड अशी आहे की बिघाडाचं कारण शोधताना पहिल्यांदा हात लावून बघा. ती स्लाइड मी स्वतः केलेली आहे.

माझ्या लॅपटॉपची हवा आत घ्यायची जाळी तळाशी आहे. ती जाळी तीन वर्षांहून जास्त काळ आजीच्या नऊवारीच्या चौपदरी गोधडीवर टेकलेली होती. हिवाळ्यात चाललं त्याचं श्रेय मी रॅमला दिलं.

तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर टाकलं. खेळ सुरू केल्यावर विसाव्या मिनिटाला प्रोसेसर सत्त्याण्णव अंशांवर. या चिपा साधारण शंभरीला टेकल्या की जीव वाचवण्यासाठी स्वतःच वेग कमी करतात. माझ्या डोळ्यांदेखत साडेतीन गिगाहर्ट्झचं धावणं पाऊण गिगाहर्ट्झवर आलं. लॅपटॉप बिघडला नव्हता. भर उन्हात शेतातला माणूस बांधावर टेकतो तसा टेकत होता, आणि त्याच्यापायी मामाचं न्यू जर्सीतलं सैन्य थांबत होतं.

गोधडी काढली. मागची बाजू उंच राहावी म्हणून कपाटातून पुस्तक आणलं. जाडीला बरोबर बसलं ते तिसऱ्या वर्षाचं ‘हीट ट्रान्सफर’. तापमान सहा अंशांनी उतरलं. त्या पुस्तकाचा माझ्या हातून झालेला हा पहिला थेट उपयोग. पण सहा अंश पुरेसे नव्हते, म्हणून शनिवारी बुधवार पेठ गाठली.

तपकीर गल्लीत ज्याने कधी गाडी लावायचा प्रयत्न केला आहे त्याला साम्राज्य उभारणं अवघड वाटणार नाही. दिव्यांच्या माळा, वायरींची भेंडोळी, स्पीकर, चार्जर, हे सगळं ओलांडून एका जिन्याखालच्या दुकानात पोचलो. काउंटरमागे विशीतला मुलगा. मी त्याला सगळी हकिगत सविस्तर सांगितली, पिंगपासून रॅमपर्यंत. त्याने ऐकून घेतली, लॅपटॉप उलटा केला, जाळीवर फुंकर मारली आणि विचारलं, “काका, गादीवर ठेवता ना?”

आधी ‘काका’ पचवला, मग विचारलं, कशावरून?

त्याने दहा स्क्रू काढले, तळ उघडला, पंखा बाजूला केला. तांब्याच्या पातळ फिन्सच्या तोंडाशी करड्या रंगाचा एक थर बसला होता, उशीतल्या जुन्या कापसासारखा दाबलेला. त्याने चिमट्याने तो उचलला तर अखंड पट्टीच निघाली. “ही बघा. धागे आहेत ह्यात. टेबलावर ठेवणाऱ्यांची धूळ वेगळी असते, बारीक असते. ही गादीची.” मग त्याने मला समजावलं की प्रोसेसरची गरमी ह्या चपट्या नळीतून फिन्सपर्यंत येते, नळीत थोडंसं पाणी असतं, गरम टोकाला त्याची वाफ होते, गार टोकाला परत पाणी होतं. आणि फिन्स बंद झाल्या तर पंखा कितीही फिरून उपयोग नाही. “कळलं ना काका? गाडीच्या रेडिएटरचं कसं असतं, तसंच.”

मी म्हटलं, कळलं.

पूर्वीची पेस्ट वाळून खडू झाली होती. ती पुसून त्याने मोहरीएवढा नवा ठिपका ठेवला, सगळं बंद केलं आणि सातशे रुपये घेतले. आमच्या कारखान्यात याच विषयावर बाहेरून सल्लागार येतात. त्यांचा नुसता जेवणाचा खर्च याहून जास्त असतो.

रविवारी मी डायनिंग टेबलवर बसलो. मुलीशी तह करून अर्धं टेबल मिळवलं होतं. तापमान अडुसष्ट. पंखा इतका शांत की मालिकेतले सासूचे उसासे स्पष्ट ऐकू येत होते. दहावं मिनिट, विसावं, तिसावं. साठ तिरंदाज टेकडीवर चढवले. खालून पैलवानाचे घोडेस्वार आले. नियतीने मला दुसरी संधी दिली होती. मी आदेश दिला, धनुष्यं ताणली गेली.

आणि तशीच राहिली.

“गोगलगाय!” मामा न्यू जर्सीहून ओरडला. तेरा आकडा आला. पाठोपाठ आणखी एक तेरा. मी तापमान पाहिलं, एकोणसत्तर. वेग पाहिला, साडेतीन. माउस इकडून तिकडे सुळसुळत होता. फोटो काढला, ग्रुपवर टाकला आणि म्हणालो की माझं मशीन धावतंय, ते दुसऱ्या कोणासाठी तरी थांबलंय.

कॉलवर शांतता. मामाने स्वतःचे आकडे पाहिले, ठीक. सायलेंट म्हणाला, “माझंही बरं आहे.” सायलेंट बोलला म्हणजे ते खरंच असणार. राहिला पैलवान.

“पैलवान, तुझं तापमान सांग.”

“कसं बघतात ते?”

“तू कोणत्या लॅपटॉपवर खेळतोस?”

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. ऑफिसच्या. हिशेबासाठी दिलेल्या, वेगळी ग्राफिक्स चिप नसलेल्या, चपट्या, नऊशे ग्रॅमच्या लॅपटॉपवर. त्याचा स्वतःचा दोन वर्षांपूर्वीच बिघडला होता. हा ऑफिसचाही हँग व्हायचा, पण त्याआधी माझा व्हायचा, त्यामुळे बोभाटा माझ्या नावावर जायचा. मी वायफाय, केबल, ड्रायव्हर, रॅम करत असताना हा ब्याण्णव किलोचा माणूस माझ्या लॅपटॉपच्या मागे दडून बसला होता, आणि मला ड्रायव्हर नवा कर म्हणून सांगत होता.

“मला वाटलं तुझाच आहे,” पैलवान म्हणाला.

त्याने आता तपकीर गल्लीतल्या त्या दुकानाचा पत्ता मागितला आहे. गणपतीला येणार आहे, तेव्हा जुना लॅपटॉप सोबत आणेल. ग्रुपवरची गोगलगाय तीच आहे, मामाने तिला लंगोट तेवढा चढवला. तोवर खेळ चालावा म्हणून आम्ही प्रत्येकाच्या लोकसंख्येची मर्यादा दोनशेवरून पंचाहत्तरवर आणली आहे. मामाला ही तडजोड पटलेली नाही, पण सायलेंटने आठवण करून दिली की हॉस्टेलवरही आम्ही पंचाहत्तरच ठेवायचो.